तिसऱ्या डब्याचं दार

लेथवाल्याकडून एक बोल्ट आणायचा आणि डब्याच्या दाराला लावायचा, एवढंच काम होतं मिस्त्रीचं त्या रात्री. तासाभराचं. आत्ता येतोच अशा हिशेबाने घरातला दिवासुद्धा त्याने मालवला नव्हता.

सांगतो, सगळं सांगतो. मगाशी तुम्ही दोघं पेचकस घेऊन तिसऱ्या डब्याकडे निघालात ना, तेव्हाच मी तुम्हाला थांबवलं. तुमचं म्हणणं मला कळतं. मूळ नकाशात तो बोल्ट नाही. जुन्या फोटोत नाही. फोटो काढायला येणारे लोक नाक मुरडतात. सगळं खरं. पण काढायच्या आधी ऐकून घ्या, मग ठरवा. इंजिनात वाफ धरायला पहाट होणार, तोवर तुम्हाला तरी दुसरा उद्योग काय आहे? तू त्या खोक्यावर बसू नकोस ग, त्याला खिळा आहे. इकडे सरक, आगीच्या बाजूला.

मिस्त्री म्हणजे आपल्या लाइनीवरचा सुतारमिस्त्री. तुमच्यापैकी कुणी त्याला पाहिलेलं नाही. माझा जुना मित्र. ही लाइन बंद पडून अकरा वर्षं झाली होती, रुळांवर माणसाच्या कमरेएवढं गवत होतं, तेव्हा आम्ही चार-पाच हौशी माणसं जमलो आणि म्हणालो, बघू या गाडी पुन्हा चालते का. मी गार्ड होतो, आगवाला होता, मिस्त्री होता. आणि आमचे अध्यक्ष. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे या गाडीचा एक जुना फोटो होता, तळहाताएवढा. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो सदान्‌कदा खिशात. कसलाही वाद निघाला की म्हणायचे, "थांबा, फोटो बघू." रंग कुठला? फोटो बघू. कंदील कुठे टांगायचा? फोटो बघू. आम्ही त्यांना फोटोसाहेबच म्हणायचो. फोटोतला आगवाला हसत नव्हता, म्हणून आमच्या आगवाल्यानेही हसू नये, एवढाच ठराव व्हायचा बाकी होता.

तिसरा डबा आम्हाला सापडला तो एका शेतात. कोंबड्यांचं खुराडं झालं होतं त्याचं. मिस्त्रीने तो अडीच वर्षं घासला. रंगाचे सात थर निघाले, तेव्हा कुठे सागवान दिसलं. जी फळी टिकेल ती टिकवायची, जिथे कुजली असेल तिथे तेवढाच तुकडा बसवायचा, आणि तोही जुन्या लाकडाचा. त्यासाठी पडक्या घरांच्या चौकटी विकत घ्यायचा तो. दाराची पितळी खिट्टी भंगारवाल्याकडे मिळाली, तेव्हा लग्नात नाचला नसेल एवढा नाचला होता.

आणि वहिनी होती. मिस्त्रीची बायको. घरीच शिवणकाम करायची, हात फार सफाईचा. बाकांच्या गाद्या आणि खोळी तिच्याकडे आल्या. तिथून त्या दोघांची जी जुंपली, ती आम्ही महिनाभर फुकटात ऐकली.

"अगं, आतून नायलॉनचा दोरा लावतेस तू? त्या काळात नायलॉन होतं का?"

"त्या काळात तुम्हीही नव्हतात. मग काय, तुम्हालाही उसवून ठेवू?"

"चेष्टा नको. जुनं म्हणजे जुनं."

"अहो, दिसायला जुनंच आहे की. आतून टिकाऊ असलं तर बिघडलं कुठे? रोज पन्नास माणसं त्यावर आपटणार. सुती दोरा दोन महिन्यांत राम म्हणेल."

मिस्त्रीने ऐकलं नाही. सगळ्या खोळी उसवायला लावल्या आणि सुती दोऱ्याने पुन्हा शिवायला सांगितलं. वहिनीने मान डोलावली. चार दिवसांनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, एकच सुती शिवलीय, ते बसतात त्या जागेची. बाकी सगळ्या नायलॉनच्या आहेत. सांगू नका हं."

सांगितलं नाही. कधीच नाही.

गाडी सुरू होण्याआधी तपासणीला एक इंजिनिअर आला. तरुण मुलगा, पण डोळ्यांत तेल घालून बघणारा. तिसऱ्या डब्याचं दार त्याने चार-पाच वेळा उघडलं, लावलं. म्हणाला, "ही खिट्टी एकटी पुरणार नाही. बाहेरून एक सरकता बोल्ट लावा. गाडी सुटताना गार्डने तो घालायचा."

मिस्त्रीचा चेहराच उतरला. "नव्वद वर्षांच्या सागवानाला भोकं पाडू?"

फोटोसाहेबांनी पाकीट काढलं. फोटोत बोल्ट नव्हता. त्या मुलाने बराच वेळ वाद घातला, मग थकला आणि कागदावर "बोल्ट लावावा" ऐवजी "बोल्ट लावल्यास बरे" असं लिहून गेला.

आणि मी? मी गप्प बसलो. दार रोज मलाच लावायचं होतं, तरी गप्प बसलो. सगळे एवढे खुशीत होते. आपण कशाला मिठाचा खडा टाका, असं वाटलं.

चार महिने गाडी छान चालली. मग पावसाळ्याने लाकूड फुगलं, उन्हाने आकसलं. एके दिवशी वहिनी गाद्या बघायला म्हणून डब्यात बसून गेली आणि घरी आल्यावर त्याला म्हणाली, "ती तुमची खिट्टी वळणावर उडते हो. मी बसले होते तेव्हा दोनदा उडाली."

"लाकूड हलतंय अजून. बसेल ते."

"बसेल तेव्हा बसेल. तोवर एखादी साधी कडी लावा ना."

"सोमवारी कानस मारतो," मिस्त्री म्हणाला.

तो शुक्रवार होता. रविवारी वहिनी पुन्हा गाडीत बसली. कशाला बसली, ते मी मिस्त्रीला कधी विचारलं नाही. मला वाटतं, दाराजवळ दुसरं कुणी बसू नये म्हणून ती स्वतः बसली. समोरच्या बाकावर एक जोडपं होतं. पुढे चौकशीत त्यांनी सांगितलं, वळण आलं, डबा हलला, आम्ही बाहेर बघत होतो, आणि परत बघितलं तर दार वाऱ्यावर हलत होतं.

एवढंच. किंकाळी नाही, काही नाही.

गाडीचा वेग सायकलएवढा असतो आपल्या. पण त्या वळणाला खाली दगडी बांध आहे. मी ब्रेक ओढला. मिस्त्री पहिल्या डब्यात होता, हत्यारांची पिशवी घेऊन. तो रुळांवरून धावत मागे आला. मी त्याच्या आधी पोचलो होतो. वहिनीचे डोळे उघडे होते, श्वास होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तोही राहिला नाही.

चौकशी झाली. कारण निश्चित सांगता येत नाही, असं लिहिलं गेलं. मिस्त्री उभा राहून म्हणाला, "कारण मी आहे." लिहिणाऱ्याने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

डबा मागच्या साइडिंगवर, बाजूच्या रिकाम्या रुळावर, नेऊन ठेवला. चौदा महिने तो तिथेच होता, उघड्यावर. मिस्त्री मात्र रोज कामाला यायचा. बाकीच्या डब्यांची कामं करायचा, हसल्यासारखं करायचा, वेळेवर घरी जायचा. मी एकदा त्याच्याकडे गेलो होतो. शिलाई मशीनवर अर्धी शिवलेली खोळ होती, सुई कापडात तशीच. तिच्या बाजूने वळसा घालून तो स्वयंपाकघरात जायचा. जागा अरुंद होती, अंग चोरून जावं लागायचं. पण मशीन तसूभरही हलवलं नव्हतं. आणि रडला नव्हता तो. दवाखान्यात नाही, त्यानंतर नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मग गर्दी वाढली आणि दोन डबे पुरेनात. तिसरा परत लावायचा ठरलं. यावेळी तपासणीवाल्यांनी स्पष्टच लिहिलं, बोल्ट नाही तर डबा नाही. फोटोसाहेबांनी तो फोटो त्या अपघातापासून खिशात ठेवणंच सोडलं होतं. मिस्त्री म्हणाला, "मी लावतो. त्या दाराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

आता त्या रात्रीचं.

बावीस नोव्हेंबर. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी सुटायची होती, तपासणी सहाला. बोल्ट लेथवाल्याकडे करायला टाकला होता आणि नेमके दोन दिवस वीज नव्हती. शेवटी साडेनऊला त्याचा फोन आला, झालाय, घेऊन जा. मिस्त्री गेला. लेथवाल्याने बोल्ट फडक्याने पुसून त्याच्या हातावर ठेवला.

"बघा मिस्त्री. आतून पोलाद, वरून पितळेची टोपी. दिसायला तुमच्या डब्याच्याच वयाचा. जोखून बघा, कसा भरीव आहे."

मिस्त्रीने तो तळहातावर तोलला. म्हणाला, "हा दीड वर्षापूर्वी करून घ्यायला हवा होता."

लेथवाला फडक्याची घडी घालत राहिला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मिस्त्री इथे आला. आगवाल्याने इथेच, याच शेडमध्ये, इंजिनात पहिली लाकडं टाकली होती. त्याने विचारलं, "बॅटरी धरायला येऊ का?"

"नको. तू तुझी आग बघ."

पुढचं मिस्त्रीने मला एकदाच सांगितलं, त्याच सकाळी. मी जसं ऐकलं तसं सांगतो. माझ्या पदरचं काही घालत नाही.

साइडिंगवर दिवा नव्हता. वारा नव्हता. त्याने पिशवी जमिनीवर ठेवली आणि बॅटरी बाजूच्या खांबाला सुतळीने बांधली. उजेड बरोबर दारावर पडला. दार लावलेलं होतं. खिट्टी खाली. त्याने आधी आत बॅटरी मारून बघितलं होतं. बाक रिकामे होते. धूळ होती.

बोल्टची पट्टी दाराला लावली, पेन्सिलने चार खुणा केल्या. गिरमिट घेतलं. पहिल्या खुणेवर टेकवून फिरवायला लागला.

आणि गिरमिट सहज आत गेलं.

सागवान इतकं मऊ नसतं. जुनं तर नसतंच. पण मिस्त्रीला त्याचं नवल वाटलं नाही. त्याला माहीत होतं.

नीट ऐका आता. हे त्याने जगात फक्त मला सांगितलंय. डबा घासताना, शेवटचा थर निघाल्यावर, त्या दारावर त्याला चार भोकं दिसली होती. खिट्टीच्या खाली, एका रांगेत, कुणीतरी लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली. म्हणजे तिथे कधीकाळी बोल्ट होता. फोटो काढला त्याच्या आधी किंवा नंतर, पण होता. नव्वद वर्षांपूर्वीच्या कुणा शहाण्या मिस्त्रीने लावला होता. आपल्या मिस्त्रीला ते कळलं. पण फोटोत बोल्ट नव्हता. आणि दार इतकं सुंदर निघालं होतं… त्याने त्या खुंट्या पॉलिशपेपरने गुळगुळीत केल्या, वर पॉलिश मारलं आणि कुणालाही सांगितलं नाही. तो इंजिनिअर दाराशी उभा राहून वाद घालत होता ना, तेव्हा त्याचा हात नेमका त्या भोकांवर होता.

तर गिरमिट त्या जुन्याच भोकात गेलं. आतून खुंटीचा भुगा बाहेर आला. मिस्त्रीने तो फुंकला आणि पहिला स्क्रू बसवला.

तेवढ्यात आत गादी वाजली.

कुणी बाकावर बसलं की स्प्रिंग दबतात, तसा आवाज. किंवा कुणी उठलं की.

त्याने खिडकीतून आत बघितलं. काही नाही. उंदीर असेल, म्हणाला. पुन्हा गिरमिट उचललं.

फळीवर पाऊल वाजलं.

एक.

मग दुसरं.

दाराच्या पलीकडे येऊन थांबलं.

मिस्त्री म्हणाला, "कोण आहे?"

…

"कोण आहे आत? दार लावायचंय. उतरा खाली."

काही नाही. दूर शेडमध्ये आगवाल्याचं फावडं वाजलं. मग तेही थांबलं.

आणि खिट्टी वर उचलली गेली.

सावकाश. आपोआप उडाली तर टक्‌कन उडते. ही तशी नाही. आतून कुणी बोटाने उचलावी तशी. अर्ध्यावर आली. थांबली. पुन्हा खाली बसली.

पुन्हा वर.

पुन्हा खाली.

पळून जावं, ओरडावं, असं काही सुचलं नाही त्याला. त्याला एकच दिसलं. दार उघडतंय. त्याने हातातलं गिरमिट टाकलं आणि दोन्ही तळहात दारावर रोवले. एक खिट्टीवर, एक खाली.

आतून दार ढकललं गेलं.

जोरात नाही. घरात कुणी निजलेलं असताना दुसरं कुणी दार ढकलतं ना, आवाज होऊ नये म्हणून, तसं. पण ढकललं गेलं. त्याच्या मनगटापर्यंत जाणवलं.

त्याने अंगाचा भार दिला. दार बसलं.

थोडा वेळ काही नाही.

पुन्हा.

मिस्त्री म्हणाला, "बस आत. अगं… बस. वळण आहे पुढे."

डबा उभा होता, हो. चौदा महिने एकाच जागी उभा होता. चाकांना पाचरी लावलेल्या होत्या. पण तो म्हणाला, वळण आहे.

किती वेळ तसा उभा होता, त्याचं त्यालाही कळलं नाही. आगवाला पाणी बघायला बाहेर आला तेव्हा दोन वाजत होते. त्याने लांबून बघितलं. खांबावरची बॅटरी मंद झाली होती. मिस्त्री दोन्ही हात दाराला लावून उभा. तोंड दाराजवळ. बोलत होता, मग थांबायचा. मान जरा कलती करायचा, ऐकल्यासारखी. मग पुन्हा बोलायचा. आगवाल्याने हाक मारली, "मिस्त्री, चहा ठेवलाय!" मिस्त्रीने मागे न बघता मान हलवली. नको. आगवाला इथे शेडमध्ये परत आला आणि पहाटेपर्यंत बाहेर पडला नाही. आगीजवळून उठवेना, म्हणाला. आणि का, ते त्याला सांगता येईना.

मिस्त्री काय बोलत होता? सगळं. भोकांचं सांगितलं त्याने. "मला दिसली होती ग ती. मी बुजवली. तू म्हणालीस तेव्हा तरी… शुक्रवारी म्हणालीस. मी सोमवार म्हणालो. एका रात्रीचं काम होतं. हे बघ, एक स्क्रू बसलाय. तासाभराचं काम होतं नुसतं…"

आतून काही नाही.

"रागावलीस?"

काही नाही.

"काहीतरी बोल."

…

तो म्हणाला, चौदा महिने घरात जेवढी शांतता होती ना, त्याहून ती खोल होती. आणि त्या शांततेत दार पुन्हा हललं. आधीपेक्षाही हळू. एकदाच. त्याच्या तळहाताला टेकलं आणि तिथेच राहिलं. ढकलत नव्हतं आता. नुसतं टेकून होतं. आतून कुणी हात ठेवून उभं राहावं तसं. फळीच्या अलीकडे त्याचा हात. पलीकडे…

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

गाडी चालत नाहीये. खाली बांध नाही, जमीन आहे. इथे दार उघडलं तर कुणी पडणार नाही. इथे नुसतं खाली उतरता येतं.

ती पडत नव्हती. ती उतरू देता का, म्हणून विचारत होती. आणि तो तीन तास दार धरून उभा होता.

पोरांनो, सांगायला सोपं आहे. पण त्या क्षणी त्याच्यापुढे एकच प्रश्न होता. दार उघडल्यावर काय दिसेल? बांधाखाली पाहिलं होतं तसं दिसेल? तो म्हणाला, एकदा वाटलं बोल्ट सरकवावा, बाकीचे स्क्रू राहू देत, जेवढा बसेल तेवढा सरकवावा आणि घरी जावं. बोल्ट हातातही घेतला होता.

खाली ठेवला.

बाजूला सरला. खिट्टी उचलली. बोटांना पितळ गार लागलं. दार ओढलं.

उघडलं.

…

कुणी नव्हतं.

अंधार होता. बाक होते. आतून थोडी हवा बाहेर आली आणि त्याच्या अंगावरून गेली. बंद खोलीतली असते तशी, कोंदट. मग तीही संपली.

मिस्त्री तिथेच फूटबोर्डवर बसला, दार उघडं टाकून. बॅटरी केव्हाच विझली होती.

मी साडेपाचला आलो. धुकं होतं. लांबून तिसऱ्या डब्याचं दार सताड उघडं दिसलं. शेवटचं तसं उघडं पाहिलं होतं ते त्या रविवारी. धावतच गेलो. मिस्त्री फूटबोर्डवर बसला होता. मफलर ओला, भुवयांवर दवाचे थेंब. हात मांडीवर उलटे ठेवलेले, तळवे लाल.

"मिस्त्री?"

त्याने वर बघितलं. मग हे सगळं सांगितलं. सरळ, आवाज न चढवता. भोकांचं सांगताना थांबला नाही. शेवटी म्हणाला, "एवढा वेळ आत ठेवलं रे मी तिला," आणि रडायला लागला. चौदा महिन्यांचं रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून समोर उभा राहिलो. मलाही एक सांगायचं होतं, की इंजिनिअर आला त्या दिवशी मीही गप्प बसलो होतो. ते मी सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे मला." बस, एवढंच. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मग तो उठला. पाणी मागितलं, तोंड धुतलं, पेचकस घेतला. उरलेले तीन स्क्रू बसवले. दार लावलं, बोल्ट सरकवून बघितला, परत काढला.

"आता तू लाव," मला म्हणाला. "गार्डने लावायचा."

मी लावला.

सहाला तपासणी झाली. सातला गाडी सुटली. मिस्त्री तिच्यात बसला नाही. महिन्याभराने बहिणीकडे राहायला गेला, तिकडे शाळेची बाकं दुरुस्त करतो. मशीन सोबत नेलं त्याने. फोन येतो अधूनमधून. गाडीचं विचारतो, डब्याचं नाही विचारत.

पण मी म्हणत होतो त्या सकाळचं. बोल्ट लावून झाला आणि मिस्त्री पिशवी उचलून नळाकडे गेला. मी एकटा तिथे उभा होतो. उजाडायला लागलं होतं. रात्रभर दव पडलेलं. डब्याचं छत ओलं, खिडक्या ओल्या, रूळ ओले. फूटबोर्ड तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दवाने पांढरा झाला होता, बोट फिरवलं तर रेघ उठावी असा. मिस्त्री बसला होता तेवढी जागा कोरडी होती. ते साहजिकच आहे. माणूस रात्रभर बसला की खालचं लाकूड कोरडं राहतंच.

मी बसलो नव्हतो. आगवाला दोननंतर शेडमधून हलला नव्हता. पिशवी जमिनीवर होती.

तरी कोरड्या जागा दोन होत्या. एक मिस्त्रीची. आणि तिच्या शेजारी, अगदी खेटून, दुसरी.

जरा लहान.